अव्वाचे दोन फोटो

आमच्या घरी नळाला पाणी यायचा दिवस म्हणजे फोटो धुवायचा दिवस. पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी यायचं, आणि सीमेलगतच्या आमच्या शहरात, शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात ते आलं की आधी हंडे-कळश्या भरायच्या, मग हौद. हौद भरून वाहायला लागला की अव्वा पदर खोचून अंगणातल्या मोठ्या घमेल्यापाशी बसायची. अव्वा म्हणजे आमची आई. घरात आम्ही कन्नड बोलायचो, उंबऱ्याबाहेर मराठी, आणि भांडताना दोन्ही. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, चार दिवसांत डार्करूममध्ये छापलेले सगळे फोटो त्या घमेल्यात पडलेले असायचे. लग्नातले, बारशातले, नोकरीच्या अर्जाला लावायचे. अव्वा एकेक फोटो उचलून नळाच्या धारेखाली धरायची, उलटा करायची, परत धरायची. फोटो पक्का करायला जे औषध वापरतात, ज्याला अप्पा हायपो म्हणत, ते कागदात राहिलं तर दोन-चार वर्षांत फोटो तपकिरी पडून उडतो. म्हणून धुणं महत्त्वाचं. अप्पा म्हणायचे, छापणं माझं काम, टिकवणं तिचं. ती म्हणायची, "साकु री, पुरे तुमचं कौतुक. माझे हात बघा." तिची बोटं कायम सुरकुतलेली असत. वाळत घातलेल्या लुगड्यांच्या शेजारी, त्याच दोरीवर, चिमट्यांना लटकलेले नवरे-नवऱ्या वाऱ्यावर हलायचे, आणि बोळातून जाणारी माणसं थांबून ओळखीचं कुणी दिसतंय का बघायची.

डार्करूम स्वयंपाकघराला लागूनच होती, पूर्वीची सरपणाची खोली. त्यामुळे फोडणीच्या वासात औषधांचा आंबट वास मिसळलेला असायचा. बाहेरच्या माणसाला ते चमत्कारिक वाटे, आम्हाला त्याशिवाय जेवण गोड लागत नसे. एका बाजूला अव्वा भाकरी थापायची, तो थप थप आवाज, आणि भिंतीपलीकडून अप्पांचं मोजणं. कागदावर उजेड किती वेळ द्यायचा ते ते घड्याळावर नाही, तोंडानं मोजायचे, कन्नडमध्ये. "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु..." त्या मोजण्याच्या मध्ये कुणी हाक मारायची नाही हा घरातला एकमेव कडक नियम. मी दहा-अकरा वर्षांची झाल्यापासून त्या लाल उजेडात त्यांच्याबरोबर उभी राहायला लागले. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा भाऊ सिद्धाराम, त्याला मी अण्णा म्हणते, त्याला त्या खोलीत खोकला यायचा. तो आत थांबत नसे. मला मात्र पांढऱ्या कागदावर, त्यातली चांदी काळी पडत पडत, हळूहळू माणूस उगवताना बघायचा कंटाळा कधी आला नाही. पुढे अप्पांची नजर अधू व्हायला लागली तसं ते ओला फोटो माझ्यासमोर धरून विचारायचे, "सुमंगला, हनुवटीखालचं काळं भरलं का? का आत काही दिसतंय?" दिसत असेल तर बरं. काळ्यातही काहीतरी दिसायला हवं, असं ते म्हणत. कॉलेजात जाईपर्यंत मी त्यांचे डोळे झाले होते, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

एवढ्या माणसांचे फोटो काढणाऱ्या अप्पांकडे स्वतःच्या बायकोचा धड असा एकच फोटो होता. कुणाच्या तरी साखरपुड्याहून आल्यावर रिळात एक फोटो शिल्लक होता, तो संपवायचा म्हणून ते गच्चीवर गेले. अव्वा सुपात ज्वारी पाखडत बसली होती. त्यांनी हाक मारली, तिनं मान वर केली, आणि "काही काम नाही का तुम्हाला" असं म्हणता म्हणता तिला हसू फुटलं. तेवढंच. ती निगेटिव्ह कितीतरी वर्षं पाकिटात पडून होती. घरचीच आहे, छापू कधीतरी.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना अव्वा गेली. ताप म्हणून दवाखान्यात नेली आणि सहाव्या दिवशी घरी आणली ती तशीच. मी त्या दिवसांबद्दल इथं लिहिणार नाही, अजून जमत नाही. पंधरा-वीस दिवसांनी अप्पा डार्करूममध्ये गेले, दार लावून घेतलं, मलासुद्धा आत घेतलं नाही. भिंतीपलीकडून नुसतं मोजणं ऐकू येत होतं, मध्येच थांबायचं, परत पहिल्यापासून सुरू व्हायचं. संध्याकाळी ते एकच फोटो घेऊन बाहेर आले. गच्चीवरची अव्वा, वीतभर रुंद, हसणारी. त्या आठवड्यात पाइप फुटला होता, नळाला पाणी नव्हतं. हौदाच्या तळाशी उरलेलं पाणी तांब्यानं काढून काढून अप्पांनी तो फोटो धुतला. घमेल्याशी बसायची त्यांची ती पहिलीच वेळ. कसं बसायचं तेसुद्धा त्यांना कळत नव्हतं, गुडघे दुखत होते, आणि मी मदतीला गेले तर म्हणाले, "राहू दे. हा मी धुतो."

अण्णा तेव्हा कॉम्प्युटरचा कोर्स करून आला होता. त्यानं स्कॅनर आणला, शाईचे फवारे मारून फोटो छापणारा प्रिंटर आणला, आणि पुढच्या खोलीत, अप्पांच्या कॅमेऱ्याशेजारी मांडला. त्याचा हेतू वाईट नव्हता, हे मला आज ठामपणे सांगायचं आहे. औषधांच्या वासानं अप्पांची छाती धरली होती, डोळे चालले होते, आणि काळ्या-पांढऱ्या फोटोचा कागद मिळणंही कठीण होत चाललं होतं. "अप्पा, अंधारात उभं राहायची गरजच नाही आता," तो म्हणायचा. "खुर्चीत बसून करा की सगळं." अप्पा त्या यंत्राकडे बघायचे आणि म्हणायचे, "त्याचं काळं हे काळं नाही रे. रंगांचा चिखल आहे तो." दोघंही थोडे थोडे खरे होते. त्या काळातल्या प्रिंटरचा काळा रंग उन्हात तिरका धरला की जांभळट मारायचा, आणि सावल्या एकदम बुजून जायच्या. पण समोरून, दोन पावलांवरून बघितलं तर फोटो खणखणीत दिसायचा.

अव्वाची पहिली पुण्यतिथी आली. जवळच्या होटगीहून शिवप्पा मामा आणि मामी आले होते. मामा अव्वाचे धाकटे भाऊ, रेल्वेत होते. सकाळी जंगमस्वामींच्या हातून पूजा झाली, स्वयंपाकघरात गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, रटरटत होती, वेलदोड्याचा वास घरभर. त्या दिवशी अण्णानं दोन फ्रेमा आणून सोप्यातल्या भिंतीला टेकवून ठेवल्या. सारख्या मापाच्या, सारख्या काचेच्या. दोन्हींत गच्चीवरची अव्वा. एक अप्पांनी छापलेला, दुसरा त्याच निगेटिव्हवरून त्यानं प्रिंटरवर काढलेला.

"अप्पा, यातला तुमचा कुठला, सांगा," तो म्हणाला. हसत म्हणाला, पण हात घट्ट बांधलेले होते.

अप्पा उठले. जवळ गेले, मागे आले, चष्मा वर केला, खाली केला. काचेमुळे कागदाला हात लावता येत नव्हता. मला दारातूनच कळलं होतं. उजवीकडच्या फोटोत हनुवटीखालच्या सावलीत पदराचा काठ दिसत होता, सुपातला दाणा न् दाणा वेगळा होता. डावीकडच्यात अण्णानं उजेड-अंधार जरा ताणले होते. चेहरा उठून आला होता, पण गळ्यापाशी सगळं बुजलेलं होतं. अप्पा बराच वेळ उभे होते. मग त्यांनी डावीकडच्या काचेवर बोट टेकवलं.

"हा माझा," ते म्हणाले. "ह्याच्यात ती हसतीय की."

अण्णानं तोंड उघडलं. पुढचं वाक्य काय असणार ते मला माहीत होतं, आणि अप्पांचं बोट अजून काचेवर होतं. मी पुढे झाले, अण्णाचा दंड दाबला आणि म्हणाले, "बरोबर, अप्पा. तोच तुमचा."

अप्पांचा चेहरा असा उजळला, की वर्षभरात मी तो तसा पाहिला नव्हता. "बघ सिद्धाराम," ते म्हणाले, "यंत्राला एवढं जमत नाही." डावीकडची फ्रेम त्यांनी स्वतः खिळ्याला लावली, रोज पूजेला बसायचे त्या जागेसमोर. उजवीकडची उचलून मामांच्या हातात दिली. "शिवप्पा, हा मशीनचा तू घेऊन जा. तुझ्या बहिणीचा आहे, असू दे घरात." मामांनी तो दोन्ही हातांनी घेतला, डोळ्यांना लावला. असा अप्पांच्या हातचा फोटो मशीनचा म्हणून होटगीला गेला.

जेवणं झाल्यावर अण्णानं मला गच्चीवर गाठलं. "का बोललीस?"

"त्यांचा चेहरा बघितलास ना तू?"

"आणि माझा बघितलास?" तो म्हणाला. "आता ते मरेपर्यंत त्या खोलीतून बाहेर येणार नाहीत. तुझ्यामुळं."

दोन महिन्यांत तो प्रिंटर, कॉम्प्युटर आणि अव्वाची ती निगेटिव्हसुद्धा घेऊन पुण्याला गेला, आणि तिथलाच झाला.

मध्येच एक सांगते. आता माझी पन्नाशी आली. गेल्या दिवाळीत अण्णाच्या मुलीनं तीच निगेटिव्ह स्कॅन करून जाड सुती कागदावर अव्वाचा फोटो काढून पाठवला. हल्लीची शाई वेगळी, करड्याच्या कितीतरी छटा असलेली. मी तो खिडकीपाशी नेला, तिरका धरला, भिंगाखाली बघितला. काळं खोल आहे. पदराचा काठ दिसतो. खरं सांगायचं तर डार्करूममधल्या फोटोत नव्हतं असंही काहीबाही त्यात दिसतं. लोक मला, फोटोग्राफरची मुलगी म्हणून, विचारतात, कुठला चांगला? मी म्हणते, दोन्ही चांगले, कुठला कुणी केलाय एवढं खरं सांगा म्हणजे झालं. ते हसतात. मी विनोद केलेला नसतो.

तर त्या पुण्यतिथीनंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात भिंतीवरच्या अव्वाचा रंग बदलायला लागला. आधी साडीची सावली तांबूस झाली, मग कपाळ, मग गाल. सोप्यात दुपारी ऊन यायचं, स्वयंपाकघरातला धूर यायचा, आणि ती साधी शाई त्यात उडत चालली होती. मला पहिल्या दिवशीच कळलं. अप्पांना जरा उशिरा, पण कळलं.

"भिंतीला ओल आहे, अप्पा," मी म्हणाले.

"ओल नाही ही." ते काचेजवळ तोंड नेऊन बघत होते. "हायपो राहिलाय कागदात. असाच तांबूस होतो. पाणी कुठं होतं तेव्हा? हौदाच्या तळाचं पाणी ते, तांब्यातांब्यानं भागवलं मी." मग, माझ्याकडे न बघता, "जन्मभर लोकांचे फोटो धुतले तिनं. मला तिचा एक धुवायचा होता."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तोंडही उघडलं होतं. पण सांगणार काय? की तुम्ही तुमचा फोटो ओळखला नाहीत? की दोन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं दाखवताय तो तुमचा नाहीच? एकदा बोललेलं खोटं मागे घ्यायला रोज थोडं जास्त धैर्य लागतं आणि माझ्याकडे ते रोज थोडं कमी होत होतं. असे चार-पाच महिने गेले. अव्वाचे डोळे राहिले होते, हसू दिसेनासं झालं होतं. अप्पा पूजा झाली की तिथंच बसून राहायचे, ओठ हलत असायचे. मला वाटायचं मंत्र म्हणताहेत.

मग एका सकाळी ते म्हणाले, "उद्या गुरुवार, पाणी येईल. फ्रेम उघडतो आणि पुन्हा धुतो. हायपो निघाला तर आहे तेवढी तरी राहील."

तो कागद पाण्यात पडला तर काय होईल ते मला माहीत होतं. मी मैत्रिणीकडे जाते असं सांगून निघाले आणि पॅसेंजर पकडून होटगीला गेले.

मामांच्या घरात देव्हाऱ्याशेजारी अव्वा होती. गच्चीवर बसलेली, हसणारी, कालच छापल्यासारखी. मी बघतच राहिले. मामा मागं येऊन उभे राहिले आणि भोळेपणानं म्हणाले, "बग की, अण्णाच्या मशीनचा फोटू कसा टिकलाय. दाजींचा उडाला म्हनं? लई वाईट झालं."

"मामा, हा मशीनचा नाही. हा अप्पांचा आहे."

त्यांना समजायला वेळ लागला. मी सगळं सांगितलं, बोलता बोलता रडायला लागले. मामींनी चुलीवरचा तवा उतरवला, पाणी दिलं. मामा खाली मान घालून ऐकत होते.

"तवाच सांगायचं न्हाय व्हय," ते एवढंच म्हणाले. रागानं नाही. मग खिळ्यावरून फ्रेम काढली, धोतराच्या सोग्यानं काच पुसली, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. "घिऊन जा. पर खरं सांगून दी. परत काय रचू नको."

ठरवलं होतं, आज रात्री जेवायच्या आधी सांगायचं. गाडीत वाक्यं जुळवत आले. बोळाच्या तोंडाशी आले आणि पाय थबकले. रस्त्याच्या कडेनं पाणी वाहत होतं, बायका बादल्या घेऊन धावत होत्या. पाणी एक दिवस आधीच आलं होतं.

अंगणात अप्पा घमेल्याशी बसले होते. नळ चालू होता, घमेलं भरून वाहत होतं, आणि वाहणारं पाणी जांभळट काळं होतं. त्यांच्या हातात कागद होता. त्यावर भुरकट ओघळ होते, बाकी काही नव्हतं. ते बोटांनी कागद चोळून चोळून बघत होते, जणू अव्वा खाली कुठंतरी असेल. हात मनगटापर्यंत काळे झाले होते. मी नळ बंद केला तेव्हा त्यांनी वर बघितलं.

"कागदातली चांदी अशी पाण्यात जात नाही, सुमंगला," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत कधी गेली नाही. ही शाई आहे."

मी वर्तमानपत्र सोडलं, फ्रेमच्या मागचे खिळे वाकवले, फोटो काढून त्यांच्या हातात दिला. हात पुसायचंही त्यांना सुचलं नाही. अंगठा त्यांनी कागदाच्या कडेवर फिरवला, मग पाठीवरून. कागदाचा जाडपणा, वाळताना पडलेला किंचित बाक. डोळ्यांना दिसत नव्हतं ते अंगठ्याला एका क्षणात कळलं.

"तुला त्या दिवशी माहीत होतं?"

"हो."

"लगेच?"

"दारातूनच कळलं होतं, अप्पा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

त्यांनी हात वर केला, मी थांबले. ते ओरडले असते तर फार बरं झालं असतं. ते अगदी हळू, जणू स्वतःशी बोलत होते. "रोज सकाळी मी तिची माफी मागत होतो. रोज. पूजा झाली की. म्हटलं, तू एवढं केलंस आणि मला तुला नीट धुता आलं नाही." फोटो त्यांनी मला परत दिला. कडेला त्यांच्या काळ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. "हा होटगीला नेऊन दे. इथं नको."

मी हातापाया पडले. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जा, चहा टाक." त्यांनी मला माफ केलं होतं, हे मी आजही मानते. पण त्यांनी मला परत कधीही काही बघायला सांगितलं नाही. डार्करूमचं दार बंद झालं ते झालंच. पेपर वाचून घ्यायला ते शेजारच्या शिंप्याकडे जायचे. सुईत दोरा ओवायचा असला तरी बोळातल्या कुणालातरी हाक मारायचे, मी घरात असताना. मी म्हणायचे, "द्या अप्पा, मी बघते," आणि ते म्हणायचे, "असू दे, तुला काम असेल." इतक्या गोडीनं म्हणायचे की भांडायलाही जागा नसायची. रंग, अक्षर, माणूस, दुरून येणारी बस, काहीच त्यांनी मला विचारलं नाही. पुढं माझं लग्न ठरलं तेव्हा मुलाचा फोटो आला होता. तो त्यांनी मामांना दाखवला आणि विचारलं, "कसा वाटतो रे?"

लग्नानंतर वर्षभरात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. अण्णा पुण्याहून आला होता, त्यानंच सगळं केलं. पट्टी निघाली त्या दिवशी मी तिथं होते. अप्पांनी खिडकीकडे बघितलं, अण्णाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बारीक झालीस की गं," म्हणाले. मी हसले. मला वाटलं, आता सगळं पहिल्यासारखं होईल.

पुढच्या सहा वर्षांत तसं झालं नाही, आणि मग अप्पाही गेले. त्यांच्या तेराव्याला मामा माझ्याजवळ येऊन बसले आणि त्यांनी मला ते सांगितलं. पट्टी निघाल्यावर आठवड्याभरात अप्पा एकटेच होटगीला आले होते. घरात कुणाला न सांगता, सकाळच्या पॅसेंजरनं. आल्या आल्या चप्पल काढून थेट फोटोसमोर गेले. मामांना म्हणाले, खिडकी उघड. मग काचेतून फोटो काढायला लावला, उजेडाकडे धरला, उलटा केला, पाठ बघितली, कोपरे बघितले, कुठं डाग आहे का ते बोटानं तपासलं. पाऊण तास चाललं होतं ते. मामी भाकरी घेऊन दोनदा येऊन गेल्या.

"मग मला हाक मारली," मामा म्हणाले. "डोळ्यात पानी होतं, पर हसत हुते दाजी. म्हनले, शिवप्पा, हितं बग. कडंला माजा अंगठा तेवडा, बाकी कुटं डाग न्हाय. नीट धुतलाय की मी."

मी विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाले?"

मामांनी जरा विचार केला. "न्हाय," ते म्हणाले. "जाताना एवडंच म्हनले, सुमीला सांगू नको मी आल्तो म्हनून."